दुकानाचं नावच खोटं बोलत असेल तर

दाराबाहेर ‘आमची सर्व मिठाई शुद्ध तुपातली’ असा फलक लावला आणि आत जिलबी वनस्पती तुपात तळली, तर ती फसवी जाहिरात आहे हे कोणीही मान्य करील. तेच शब्द नावात बसवले आणि ‘शुद्ध तूप मिठाई भांडार’ अशी पाटी लावली, की मालक आणि बरेचदा गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं, "ते नुसतं नाव आहे हो." ग्राहक संरक्षण कायद्यात ‘नुसतं नाव’ असा वेगळा कप्पा नाही.

२०१९ च्या कायद्यातली जाहिरातीची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. प्रकाश, आवाज, छपाई, इलेक्ट्रॉनिक माध्यमं, इंटरनेट, अगदी धूर आणि वायू यांच्यामार्फत केलेली प्रसिद्धी तिच्यात येते. शिवाय नोटीस, परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि बिलही येतं. (धुराने जाहिरात कोण करतं असं वाटत असेल तर विमानाने आकाशात काढलेली अक्षरं आठवा.) आता दुकानाचं नाव कुठे कुठे असतं ते बघा. दिव्यांच्या पाटीवर, पिशवीवर, खोक्यावर, बिलावर, गूगलच्या नकाशावर, जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर. त्यामुळे नाव ही जाहिरात आहे का, यावर वाद घालण्यात फारसा दम नाही. खरा वाद ते नाव दिशाभूल करतं का, यावर होतो.

दिशाभूल म्हणजे काय, हेही त्याच कायद्यात आहे. वस्तूचं किंवा सेवेचं खोटं वर्णन, खोटी हमी, वस्तूचं स्वरूप, घटक, प्रमाण किंवा दर्जा याबद्दल ग्राहकाचा गैरसमज होण्याचा संभव, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं. अमुक इतके लोक प्रत्यक्ष फसले हे दाखवावं लागत नाही, संभव पुरतो. मालकाच्या मनात काय होतं याचा प्रश्न दडवादडवीच्या प्रकारात येतो, बाकी ठिकाणी नाही. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर म्हणूनच लंगडं पडतं.

तरी प्रत्येक अवास्तव नाव यात सापडत नाही, आणि सापडूही नये. अमृततुल्यात अमृत मिळत नाही आणि त्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. ‘राजवाडा’ नावाचं हॉटेल पत्र्याच्या शेडमध्ये असलं तरी चालतं. माझ्या मते तीन प्रश्न विचारले की निवाडा होतो. नावातून खरं-खोटं तपासता येईल अशी एखादी गोष्ट कळते का? ती खोटी आहे का? आणि तिच्यामुळे माणूस ते दुकान निवडतो किंवा जास्त पैसे मोजतो का? तिन्हींना ‘हो’ आलं तर नाव अडचणीत आहे. एकालाही ‘नाही’ आलं तर तक्रार बहुधा टिकणार नाही.

गावांच्या नावांवर ही कसोटी लावली की गंमत दिसते. कोल्हापुरी मिसळ म्हणजे तर्री जहाल असणार, एवढंच गिऱ्हाईक समजतं. मिसळ कोल्हापुराहून आली असं कोणी धरून चालत नाही. इथे गाव म्हणजे पद्धत. कोल्हापुरी चप्पल मात्र भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे. तिच्या बाबतीत गाव म्हणजे मूळ ठिकाण, आणि आग्र्यात बनवलेला जोड त्या नावाने विकला तर मामला वेगळ्याच कायद्यात जातो.

आंब्याच्या दिवसांत हे सगळ्यात ठळक दिसतं. हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये नोंदलं गेलं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कर्नाटकातूनही आंबा येतो. तो उघडपणे कर्नाटकचा म्हणून विकला तर त्यात काडीचंही गैर नाही. घोटाळा किरकोळ विक्रीत होतो. रस्त्याच्या कडेला मांडव टाकायचा, वर ‘देवगड आंबा महोत्सव’ असं नाव द्यायचं, आणि कर्नाटकचा माल कोकणातलं नाव छापलेल्या खोक्यात भरून ठेवायचा. विक्रेता तोंडाने ‘हा देवगडचा आहे’ असं एकदाही म्हणत नाही. मांडवाचं नाव आणि खोकं मिळून ते बोलतात. विचारलंच तर उत्तर तयार असतं, "महोत्सवाचं नाव आहे ते, आम्ही सगळेच आंबे ठेवतो." इथे तिन्ही प्रश्नांना ‘हो’ येतं. देवगड ही तपासता येणारी गोष्ट आहे, माल तिथला नाही, आणि डझनाचा भाव त्याच नावावर चढलेला असतो. खोटं भौगोलिक मानांकन लावण्याबद्दल १९९९ च्या कायद्यात किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ग्राहक कायदा त्याहून वेगळा आणि त्याच्या जोडीला चालतो.

घेणाऱ्याने तिथे एकच करावं. बिलावर आंब्याचं मूळ ठिकाण लिहून मागावं, ‘हापूस, देवगड, २ डझन’ असं. खरा माल असलेला विक्रेता लिहून देतो. ‘आंबा २ डझन’ एवढ्यावरच अडून बसला तर काय समजायचं ते समजावं.

खाण्याच्या पदार्थांत नियम आणखी नेमके आहेत, कारण तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात व दाव्यांबाबतचे २०१८ चे विनियम लागू होतात. नैसर्गिक, ताजं, शुद्ध, अस्सल, पारंपरिक अशा शब्दांना तिथे अटी आहेत. उदाहरणार्थ, ‘शुद्ध’ म्हणायचं तर पदार्थ एकाच घटकाचा हवा आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. मग ब्रँडच्या नावातच हा शब्द असला तर? त्याचंही उत्तर दिलेलं आहे. नावामुळे गैरसमज होण्याचा संभव असेल तर लेबलवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, ‘हे केवळ ब्रँडचं नाव किंवा व्यापारचिन्ह आहे, पदार्थाचं खरं स्वरूप त्यातून कळत नाही’ अशा अर्थाचं ठरावीक इंग्रजी वाक्य छापावं लागतं. पुढच्या खेपेला वाण्याकडे गेलात की पुड्याची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध’ आणि मागे ‘ते फक्त नाव आहे’ अशी कबुली, असे पुडे सापडतात.

‘घरगुती’बद्दल तर तोच विनियम सरळ सांगतो की घरी बनवलेलं, घरी शिजवलेलं अशी चुकीची समजूत करून देणारी शब्दयोजना वापरू नये. पुण्यात ‘घरगुती’ नावाच्या खानावळी आणि मसालेवाले किती आहेत, हे मोजायला गेलं तर दिवस मावळेल. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी खरोखर घरच्या ओट्यावर काम चालतं. त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण कारखान्याच्या शेडमध्ये यंत्रावर दिवसाला क्विंटलभर चटणी दळून ती आजीच्या नावाने आणि पाट्या-वरवंट्याच्या चित्रासह विकणारे, हे त्या नियमाचे खरे लक्ष्य.

आईस्क्रीम पार्लरांची गोष्टही याच जातीची. आईस्क्रीम म्हणायला दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. वनस्पती तेलाची स्निग्धता वापरली की ते फ्रोझन डेझर्ट होतं. डब्यावर हे लिहिलेलं असतं, पण पार्लरमध्ये डबा गिऱ्हाईकाच्या नजरेला पडतच नाही. मस्तानीच्या ग्लासात गोळा पडतो आणि पाटीवर ‘आईस्क्रीम’ असतं. शंका आली तर काउंटरवर विचारा आणि मोठा डबा दाखवायला सांगा. पदार्थाचं खरं नाव डब्याच्या दर्शनी भागावर छापणं बंधनकारक आहे, ब्रँडचं नाव त्याची जागा घेऊ शकत नाही.

मागे बारीक अक्षरांत खुलासा छापला की पुढचं नाव धुतल्या तांदळासारखं होतं, असं अनेक उत्पादक धरून चालतात. त्यांनी ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या जलसंजीवनीचं, प्रकरण वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असं जलसंजीवनीचं प्रमाण आहे. बाजारात मात्र नावाच्या मागेपुढे ‘ओआरएस’ ही अक्षरं लावलेली, साखर कितीतरी जास्त असलेली फळांच्या चवीची पेयं औषधांच्या दुकानातून विकली जात होती. हगवण लागलेल्या मुलाला जास्त साखरेचं पेय दिलं तर जुलाब वाढू शकतात. जुलै २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही’ असा खुलासा छापण्याच्या अटीवर ती नावं चालू दिली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने काही वर्षं हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती सवलत काढून घेतली. पुढे-मागे काहीही जोडलेलं असलं तरी ती अक्षरं नावात नकोत, असा आदेश निघाला. जे नाव वाचूनच निर्णय होतो, ते मागच्या ओळीने दुरुस्त होत नाही, हा याचा सरळ अर्थ.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२ मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वंही हेच म्हणतात. खुलाशाने मुख्य दाव्याच्या उलट बोलू नये आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा. मराठी पाटीला खाली इंग्रजीत मुंगीएवढा खुलासा ही पळवाट त्यामुळे बंद आहे.

काही शब्दांना तर थेट कुलूप आहे. ‘बँक’ हा शब्द त्यातला पुणेकरांना सगळ्यात महाग पडणारा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार परवाना नसलेल्या संस्थेला नावात बँक, बँकर, बँकिंग वापरता येत नाही. काही सहकारी संस्था तो वापरतात म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशाराही दिला होता. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटी म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण नसतं. पावतीवर नाव कसंही घडवलेलं असो, रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकांच्या यादीत ते आहे का एवढंच पाहायचं. ‘विद्यापीठ’ शब्दावर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं असंच बंधन आहे. ‘खादी’ म्हणून कापड विकायला खादी आयोगाचं खादी मार्क लागतं.

‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ हा नावाचा भाग करून टाकणारी दुरुस्तीची दुकानंही यातच येतात. कंपनीशी संबंध किंवा तिची मान्यता नसताना ती आहे असं भासवणं हा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेचा स्वतंत्र प्रकार आहे. फ्रिज उघडू देण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या केंद्राचा पत्ता शोधा. इंटरनेटवर सर्वांत वर आलेला फोन नंबर म्हणजे कंपनी नव्हे.

घरांच्या प्रकल्पांचं काय? ‘लेक व्ह्यू’त तळं दिसत नाही, ‘हिल्स’च्या मागे टेकडी नाही, आणि ‘बाणेर ॲनेक्स’ प्रत्यक्षात म्हाळुंग्याच्या पलीकडे निघतं. तळं-टेकडीवर भांडणं अवघड आहे, ते बहुतेक वेळा कविकल्पनेत जातं. ठिकाणाचं मात्र तसं नाही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मिळते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केला की गाव, तालुका, सर्व्हे क्रमांक दिसतो. बुकिंगचा धनादेश लिहिण्याआधी तो नकाशावर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता व्यापाऱ्यांच्या आवडत्या युक्तिवादाकडे येऊ. "नाव रजिस्टर्ड आहे." कुठे? शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी यातली एकही नोंदणी नावातला मजकूर खरा आहे का ते तपासत नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला तर नुसती सूचना द्यायची असते. कंपनीच्या नावाची छाननी होते, पण ती दुसऱ्याच्या नावाशी साधर्म्य आणि ‘राष्ट्रीय’, ‘मंडळ’, ‘आयोग’, ‘विमा’ यांसारखे शब्द बघते. व्यापारचिन्हाच्या कायद्यात जनतेची फसवणूक होईल असं चिन्ह नोंदवू नये असं कलम आहे खरं, पण निबंधकाच्या टेबलावर फक्त शब्द आणि मालाचा वर्ग असतो. त्या शब्दाखाली तुम्ही पुढे प्रत्यक्षात काय विकणार, हे त्याला दिसत नाही.

व्यापारचिन्हाचे खटले आणि ग्राहकाची फसवणूक यात गल्लत होते ती इथेच. पुण्यातलं बर्गर किंगचं प्रकरण घ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालणाऱ्या इथल्या उपाहारगृहावर अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. या सगळ्यात बर्गरमध्ये काय घातलं होतं हा मुद्दाच नव्हता. वाद होता नावावर हक्क कोणाचा. उलट, नावावर पूर्ण हक्क असूनही ते नाव ग्राहकाशी खोटं बोलू शकतं.

तक्रार करायची असेल तर आधी विरुद्ध पक्षाचं नाव नीट शोधा, बऱ्याच तक्रारी तिथेच फसतात. पाटीवरचं नाव ही कायद्याने व्यक्ती नसते. ‘अमुक आंबा महोत्सव’ या नावाने पाठवलेली नोटीस ‘असे कोणी नाही’ म्हणून परत येते. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने आपला क्रमांक प्रवेशद्वाराच्या पाटीवर लावणं नियमाने बंधनकारक आहे. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही फुकट दिसतात. खाण्याच्या बिलावर १४ आकडी अन्नपरवाना क्रमांक असतो, त्यावरूनही परवानाधारक सापडतो. ॲपवर पाच वेगवेगळ्या नावांच्या ‘हॉटेलां’चा परवाना क्रमांक एकच निघाला, तर पाचही एकाच स्वयंपाकघरातून चालतात हे ओळखावं. एवढ्यावरून त्यात बेकायदा काही नाही. त्यातल्या एकाचं नाव ‘फक्त शाकाहारी’ आणि दुसऱ्याचं ‘बिर्याणी हाऊस’ असेल तर मात्र प्रश्न विचारायला जागा आहे.

पुरावा गोळा करताना पाटीचा, वस्तूचा आणि लेबलच्या चारही बाजूंचा फोटो घ्या आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत अंधूकही होते आणि तिच्यावरची तारीख-वेळही जाते. बिल हवंच. यूपीआयच्या पावतीवर पैसे कोणाला गेले ते कळतं, काय घेतलं ते कळत नाही. तक्रारीत ‘नाव फसवं आहे’ एवढंच लिहू नका. ‘नावातल्या या शब्दावरून मी अमुक समजलो, म्हणून इतके रुपये दिले, प्रत्यक्षात तमुक मिळालं’ अशी साखळी लिहा. साखळीतली एक कडी नसली तरी समोरचा वकील तिथेच बोट घालतो.

पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती समेट घडवते, आदेश देऊ शकत नाही. मोठी कंपनी असेल तर बरेचदा इथेच पैसे परत मिळतात, पेठेतल्या दुकानदाराला तिची फारशी भीती नसते. मग लेखी नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. कायद्याने ती सक्तीची नाही, पण ग्राहक आयोगापुढे उपयोगी पडते. त्यानंतर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही. दुकान कुठेही असो, तुम्ही पुण्यात राहत असाल तर पुण्यातच दाखल करता येते. मुदत घटनेपासून २ वर्षं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. मागण्यांमध्ये परतावा आणि भरपाईबरोबर ‘ही दिशाभूल थांबवावी आणि स्वखर्चाने दुरुस्तीची जाहिरात द्यावी’ हेही मागा. आयोगाला तो अधिकार आहे आणि फार थोडे लोक तो वापरायला लावतात.

फसवणूक तुमच्या एकट्याची नसून सरसकट चाललेली असेल तर दुसरी वाट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. तिथे पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचे पैसे मात्र तिथून परत मिळत नाहीत. अन्नपदार्थ असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्येही फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

नवीन दुकान काढणाऱ्यांसाठी थोडं. नाव ठरवल्यावर त्यातला प्रत्येक शब्द वेगळा काढा आणि त्याच्यासमोर कागद ठेवा. ‘ऑरगॅनिक’ असेल तर जैविक प्रमाणपत्र, ‘देवगड’ असेल तर खरेदीची बिलं, ‘फॅक्टरी आउटलेट’ असेल तर कारखान्याशी असलेला करार. ज्या शब्दासमोर कागद नाही तो नावातून काढा. आधीच नाव लागलेलं असेल आणि बदलायचं असेल, तर जीएसटीत व्यापारी नावाची दुरुस्ती आरईजी-१४ या अर्जाने बदलापासून १५ दिवसांत करावी लागते. अन्नपरवान्यात, शॉप ॲक्टच्या नोंदीत आणि बँक खात्यातही तो बदल न्यावा लागतो. छापील पिशव्या आणि खोकी संपेपर्यंत वापरू, असा मोह होतो. निदान जुन्या नावातल्या चुकीच्या शब्दावर पट्टी चिकटवल्याशिवाय एकही खोकं काउंटरवरून पुढे जाऊ देऊ नका, आणि गूगल व ॲपवरची नावं त्याच दिवशी बदला, कारण तक्रारदार फोटो तिथलाच काढतो.